मदतीचे सॉफ्टवेअर आणि शंभर दाण्यांची परीक्षा

(चिंचोटी, ता. वसई येथील कार्यकर्त्यांच्या मुक्कामी शिबिरात केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचण्यासाठी शब्दांकन करून देत आहोत.)



भुसावळ-सुरतच्या गाडीने येऊन वसई रोडला उतरलेली खानदेशची मंडळी समोर बसली आहेत, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. वऱ्हाडातली माणसे त्याहून लांबून आली. तेव्हा लांबण लावणार नाही. इथल्या भातकरी भावांनी आपली सोय केली, त्यांचे उपकार मानतो. आपल्या कपाशी-ज्वारीला वर्षाकाठी सहा-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही वेळेवर नाही. इथे दोन हजारांच्या वर. पीक वेगळे, पाऊस वेगळा. पण नुकसान झाल्यावर ज्या खिडकीसमोर उभे राहावे लागते ती खिडकी दोघांची एकच झाली आहे, आणि तिचे नाव पोर्टल.

गेल्या काही वर्षांत एक बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला. मदत तलाठ्याच्या वहीतून निघून सॉफ्टवेअरमध्ये गेली. पूर्वी मोर्चा तहसीलवर नेला की साहेब म्हणायचे, वरून आदेश नाही. आता म्हणतात, "मी करून दिले असते हो, पण सिस्टम घेत नाही." आदेश नसेल तर आदेश काढणाऱ्याला घेराव घालता येतो. सिस्टमला घेराव कसा घालायचा? आजचे माझे बोलणे एवढ्यापुरतेच आहे. मदत वाटायला जे सॉफ्टवेअर आणतात ते त्या कामाच्या लायकीचे आहे की नाही, हे आपण शेतकऱ्यांनी कसे तपासायचे?

आधी एक गैरसमज काढून टाकतो. आपण संगणकाच्या विरोधात नाही. तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागणारी ही चळवळ आहे, बीटी कपाशीच्या वेळी आपण कोणत्या बाजूला होतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि वहीच्या काळात सोने पिकत होते असेही नाही. घरी बसून केलेले पंचनामे आपण पाहिले आहेत, ज्याने चहा पाजला त्याचे नुकसान शंभर टक्के आणि ज्याने नाही पाजला त्याचे वीस, हेही पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली, ते सगळे काम कागदी याद्यांवर झाले. त्या याद्यांवरही भांडणे झालीच. पण भांडायला समोर माणूस होता. आता यंत्र आले, ते चांगले असेल तर हवेच आहे. बियाणे चांगले असेल तर हवे असते तसेच.

बियाण्याचेच उदाहरण घेऊ, कारण ते तुमच्या हातातले आहे. पेरणीआधी आपण काय करतो? पिशवीच्या वरून, मधून, तळातून दाणे काढायचे, शंभर मोजायचे, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळी करून ठेवायची. आठवड्याने उलगडून किती उगवले ते मोजायचे. ज्वारीचे ७५ च्या खाली आले तर ते बियाणे प्रमाणात बसत नाही. कृषी महाविद्यालयात मी चार वर्षे घालवली, त्यात शेतकऱ्याला रोकडा उपयोगी पडेल असे जे थोडे शिकलो त्यातले हे एक. पिशवीवरचे चित्र काहीही असो, गोणपाट खोटे बोलत नाही.

सॉफ्टवेअरचे गोणपाट कोणी भिजवत नाही. मंत्री बटण दाबतात, पडद्यावर आकडा येतो, टाळ्या होतात. ही पिशवीवरच्या चित्राची परीक्षा झाली.

२०१७ ची गोष्ट आठवा. जून महिन्यात कर्जमाफी जाहीर झाली, छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. ३४,०२२ कोटींचा आकडा, दीड लाखापर्यंतचे कर्ज माफ. मागच्या कर्जमाफीत बँकांनी घोळ घातला म्हणून या वेळी सगळे ऑनलाइन, असे ठरले. हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण काय झाले? पन्नास लाखांवर अर्ज भरायचे, तेही पेरणी-कोळपणीच्या दिवसांत, नवरा-बायको दोघांनी केंद्रावर जाऊन, अंगठा देऊन. सर्व्हर चालायचा रात्री. माणसे केंद्राबाहेर अंथरूण घेऊन झोपली. मुदत वाढवावी लागली. तिकडे बँकांना प्रत्येक खात्याची ६६ रकान्यांत माहिती भरायला सांगितली. दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबरला, प्रमाणपत्रे वाटली, फोटो निघाले. आणि मग याद्या उघडल्या तर एकाच आधार क्रमांकावर अनेक खाती, बँकेच्या आकड्याचा अर्जाच्या आकड्याशी मेळ नाही. पुन्हा तपासणी, पुन्हा हिरवी यादी, पिवळी यादी. ज्याच्या हातात प्रमाणपत्र होते त्याच्या खात्यात पैसे नव्हते, आणि बँक त्याला नवे पीककर्ज देईना, कारण जुने थकीत दिसत होते.

चूक कुठे झाली? सॉफ्टवेअर लिहिणारी पोरे मूर्ख होती असे नाही. शंभर दाणे न भिजवता सबंध महाराष्ट्राची एका दिवसात पेरणी केली, ही चूक. दुसरी चूक त्याहून मोठी. जी माहिती बँकेकडे होतीच, ती पुन्हा शेतकऱ्याकडून भरून घेतली. म्हणजे सरकारच्या दोन दप्तरांचा मेळ घालण्याचे काम शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकले, आणि मेळ बसला नाही की शेतकरी अपात्र.

आता अडीच वर्षांनी काय झाले ते पाहा. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना आली, दोन लाखांपर्यंत. या वेळी अर्जच नाही. बँकांनी याद्या द्यायच्या, त्या गावात लावायच्या, शेतकऱ्याने जाऊन अंगठा द्यायचा, आपल्या नावापुढचा आकडा पाहायचा, पटला तर हो म्हणायचे, नाही पटला तर नाही म्हणायचे आणि तक्रार तालुका-जिल्हा पातळीच्या समितीकडे जायची. आणि सगळ्यात महत्त्वाचे, २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लागली ती फक्त ६८ गावांची, १५,३५८ नावांची. जिल्ह्यातली दोन-दोन गावे. तिथे काय अडते ते पाहिले आणि मग पुढच्या याद्या लावल्या. हेच ते गोणपाट! ही योजना निर्दोष होती असे मी म्हणत नाही. दोन लाखांच्या वर कर्ज असलेला बाहेर राहिला, नियमित फेडणारा पन्नास हजारांसाठी ताटकळला. पण ते धोरणाचे दोष होते. सॉफ्टवेअर म्हणून पाहिले तर तोच महाराष्ट्र, तेच शेतकरी, तोच आधार, आणि तरी फरक पडला. म्हणजे फरक पाडता येतो. "संगणकात असे होणारच" असे कोणी सांगितले तर या दोन योजनांची नावे त्याच्यासमोर ठेवा.

पण आपली परीक्षा बियाण्याच्या परीक्षेपेक्षा एका बाबतीत उलटी आहे, ते नीट समजून घ्या. बियाण्याचा नमुना आपण सगळीकडून सारखा घेतो. सॉफ्टवेअरचा नमुना मुद्दाम अवघड घ्यायचा. सातबारा एकट्याच्या नावावर, आधारवरचे नाव अक्षर न अक्षर तेच, मोबाईल खिशात, खाते आधारला जोडलेले, अंगठा स्वच्छ, असा माणूस कोणत्याही सॉफ्टवेअरमधून पार होतो. त्याच्यावर परीक्षा घेऊन उपयोग नाही. गावात अशी माणसे किती? हात वर करा बरे. (हात वर होतात.) तीसेक हात आहेत, आणि बसलेले दोनशे.

उरलेले कोण आहेत? जिचा नवरा गेला आणि फेरफार अजून झाला नाही ती बाई. मरण तलाठ्याला ठाऊक आहे, सरपंचाला ठाऊक आहे, तेरावे जेवलेल्या सबंध गावाला ठाऊक आहे, फक्त सॉफ्टवेअरच्या लेखी नवरा जिवंत आहे आणि अंगठा द्यायला येत नाही. सामाईक खात्यातला भाऊ, ज्याचे दोन भाऊ सुरतेला कारखान्यात आहेत आणि त्यांच्या सहीशिवाय पैसा निघत नाही. बटईने किंवा ठोक्याने जमीन करणारा, ज्याला सातबारा ओळखतच नाही. इथल्या डोंगरपट्ट्यातला आदिवासी, ज्याच्याकडे सातबारा नाही, वनहक्काचा पट्टा आहे. सातबाऱ्यावर भाऊराव आणि आधारवर भावराव झालेला म्हातारा. ज्याचा ओटीपी पुण्यातल्या पोराच्या फोनवर जातो तो बाप. आणि कपाशी वेचणारी बाई. बोंडाच्या टोकांनी बोटे अशी सोलवटलेली की यंत्र म्हणते बोटच नाही. पंचवीस वर्षे तिने ज्या बोटांनी कापूस वेचला, त्या बोटांनी तिला ओळख पटवून दे असे हे यंत्र सांगते, हा विनोद कोणाला सुचला असेल कोण जाणे.

ही नावे घेऊन सॉफ्टवेअर तपासायचे. त्यातली किती पार झाली हे तर बघायचेच. पण जी अडकली त्यांचे पुढे काय होते, यावर त्याची लायकी ठरते. अडकल्याचे कारण मराठीत, कळेल असे, लेखी मिळते का? आणि ते दुरुस्त करण्याचे बटण कोणाच्या हातात आहे? गावात आहे, तालुक्याला आहे, की मुंबईला कुठल्या तरी कंपनीच्या पोराकडे आहे? तालुक्यातल्या एका तरी अधिकाऱ्याला "हा माणूस खरा आहे, मी सही करतो, याला घ्या" असे म्हणता येत नसेल, तर ते सॉफ्टवेअर मदतकार्याच्या लायकीचे नाही. मग ते कितीही वेगवान असो. बँकेच्या, दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये शंभरातले दोन सुटले तर तोटा दुकानाचा. मदतीत जे दोन सुटतात ते बहुधा तेच असतात ज्यांना मदतीची सगळ्यात जास्त गरज होती.

हे मी कल्पनेने बोलत नाही. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनला भाव पडला म्हणून २०२४ मध्ये सरकारने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, द्यायचे ठरवले. यादी कुठून घेतली? ई-पीक पाहणीतून. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, शेतकऱ्याने आपल्या मोबाईलवर आपल्या पिकाची नोंद करायची. कल्पना चांगली आहे, आपला पेरा आपण सांगावा. पण ज्याच्याकडे तसला फोन नाही, ज्याच्या शिवारात रेंज नाही, त्याने कापूस पेरला, वेचला, विकला, तरी यादीत त्याचा कापूस नव्हता. मोर्चे निघाले, तुम्हीच काढले. मग सातबाऱ्यावर पिकाची नोंद असेल तरी चालेल असे सरकारला मान्य करावे लागले. बरे, एवढ्यावर संपले नाही, संमतीपत्र द्या, सामाईक खातेदारांचे नाहरकत आणा, केवायसी करा. एका कामासाठी केलेली यादी दुसऱ्या कामाला जुंपली की असे होते. नांगराला बैल नीट चालतो म्हणून त्याला टांग्याला जुंपत नाहीत.

खर्चाचेही बघा. अतिवृष्टीच्या मदतीत कोरडवाहू पिकाला केंद्राने २०२२ ते २०२६ साठी ठरवलेला दर हेक्टरी ८,५०० रुपये. दोन एकरवाल्याला सहा-सात हजार. आधी यादीत विशिष्ट क्रमांक यायचा, मग तो क्रमांक घेऊन केंद्रावर केवायसी करायची. पहिल्या दिवशी सर्व्हर बंद, दुसऱ्या दिवशी लाइट नाही, तिसऱ्या दिवशी अंगठा उठत नाही. दर खेपेला मजुरी बुडते आणि गाडीभाडे लागते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला तेव्हा ज्यांच्याकडे शेतकरी ओळख क्रमांक आहे त्यांना केवायसीच्या अटीतून सूट द्यावी लागली. म्हणजे ती अट सोडता येत होती! मग आधीची वर्षे कशासाठी खेपा घालायला लावल्या? कोणत्याही मदतीच्या सॉफ्टवेअरला हा प्रश्न विचारा, एका माणसाला किती खेपा? दोनच्या वर गेल्या तर मदतीतला वाटा एसटी आणि केंद्रवाला घेऊन जातो.

आता म्हणाल, या सगळ्या अटी चोरांसाठी आहेत. चोर कसे शिरतात तेही ऐका. जालना जिल्ह्यात, अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत, २०२२ ते २०२४ च्या अतिवृष्टी-गारपिटीच्या अनुदानात बोगस नावे घालून कोट्यवधी रुपये उचलल्याचे २०२५ मध्ये चौकशीत पुढे आले. तलाठी निलंबित झाले. ते चोर अंगठ्याने आत आले नव्हते, ते यादी भरणाऱ्याच्या बाजूने, साहेबांच्या लॉगिनमधून आले. खिडकीसमोरच्या म्हातारीची बोटे दहा वेळा तपासायची आणि खिडकीमागे पासवर्ड कोण वापरतो ते बघायचे नाही, अशी ही चौकीदारी. त्याला इलाज महाग नाही. कोणत्या लॉगिनने, कोणत्या तारखेला, कोणाचे नाव घातले हे छापून यादी चावडीवर लावा आणि ग्रामसभेत वाचा. गावात कोणाकडे किती जमीन आहे हे गावाला सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कळते.

रेंजचे थोडे बोलतो, आणि त्यासाठी या जागेसारखी जागा नाही. मागे जो डोंगर दिसतो त्यात चिंचोटीचा धबधबा आहे. ७ जुलै २०१८ ला, शनिवारी, ओढ्याला पूर येऊन तिथे शंभरावर पर्यटक अडकले, एकाचा जीव गेला. दोन-तीन दिवसांत सबंध वसई पाण्यात. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, गाड्या थांबल्या, मिठागरातली शेकडो माणसे पाण्याने वेढली, वीज गेली. मुंबईच्या उंबरठ्यावरची ही गत, तर यावल किंवा घाटंजीच्या शिवारात काय होणार? वीज गेली की काही तासांत टॉवरची बॅटरी उतरते. आणि पीक विम्याचा नियम काय होता? शेतात पाणी साचले, गारपीट झाली, तर ७२ तासांच्या आत ॲपवर किंवा फोनवर कळवा. ज्या आपत्तीची खबर द्यायची तीच आपत्ती खबर देण्याचा रस्ता तोडते, हे नियम करणाऱ्याच्या ध्यानात येऊ नये? लेखी अर्जाची सोय कागदावर होती, पण अर्ज घ्यायला विमा कंपनीचा माणूस तालुक्याला सापडला असे क्वचितच झाले. २०२५ च्या खरिपापासून राज्याने ती भरपाईच योजनेतून काढून टाकली आणि सगळे पीक कापणी प्रयोगावर नेले. ॲप दुरुस्त करण्यापेक्षा हक्कच काढणे सोपे गेले.

म्हणून रेंज नसताना काय, हे आधी विचारायचे. नोंद फोनमध्ये राहते आणि रेंज आली की पुढे जाते का? वेळ मोजायची ती नोंद केल्याची की पोचल्याची? आणि फोनच नसेल तर कागदावर तीच नोंद घेऊन पोच मिळते का? कागदाची पोच म्हणजे मागासलेपणा नव्हे. चांगल्या सॉफ्टवेअरला कागदाची लाज वाटत नाही.

मदतीसाठीच बनवलेले सॉफ्टवेअर जगात नाही असे नाही. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, श्रीलंकेत तीस हजारांहून जास्त माणसे गेली. हरवलेल्यांच्या याद्या एकीकडे, छावण्यांच्या दुसरीकडे, मदतीचे ट्रक तिसरीकडे. तिथल्या संगणकवाल्या तरुणांनी कामधंदा बाजूला ठेवून काही आठवड्यांत एक सॉफ्टवेअर उभे केले. नाव ठेवले सहाना, सिंहलीत त्याचा अर्थ दिलासा. कोण हरवले, कोणत्या छावणीत किती माणसे, कुठे काय कमी आहे, एवढेच त्यात. आणि ते खुले ठेवले, म्हणजे आत काय लिहिले आहे ते कोणालाही वाचता येते, बदलता येते, फुकट वापरता येते. पुढच्याच वर्षी पाकिस्तानातल्या भूकंपात ते कामाला आले. मला त्यातली एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची वाटते. आपले नाव कोणत्या नियमाने बाद झाले हे खुल्या सॉफ्टवेअरमध्ये वाचून काढता येते. बंद पेटीत ते पेटी बनवणाऱ्यालाच ठाऊक, आणि कंत्राट संपले की तोही गेला. ज्या नियमाने माझे नाव कापले तो नियम मला वाचायला मिळाला पाहिजे, ही मागणी फार नाही. सातबारा तरी आपण याच हक्काने मागतो.

आणि जाता जाता, ही मदत म्हणजे कोणाचे उपकार नव्हेत हे विसरू नका. भीक नको, हवे घामाचे दाम, हे आपण सांगतच आलो. घामाचे दाम मिळाले असते तर या खिडकीशी उभे राहायची वेळ निम्म्या वेळा आली नसती. पण जोवर उभे राहावे लागते तोवर खिडकी धड असली पाहिजे.

आता कामाचे. मागच्या टेबलावर वह्या ठेवल्या आहेत, गावागणिक एक घेऊन जा. मृगाच्या आधी, म्हणजे मेअखेर, प्रत्येक गावाने २५ नावे लिहायची, सोपी नव्हेत, अवघड. वर सांगितलेल्यांपैकी. विधवा, सामाईक, बटईदार, पट्टेदार, नावात फरक असलेले, अंगठा न उठणारे. नावापुढे अडचण एका ओळीत. आधार क्रमांक किंवा बँक खाते वहीत लिहू नका, वही कोणाच्याही हाती पडू शकते. ज्या माणसाचे नाव घालाल त्याला आधी विचारा. तालुक्याच्या चार गावांची मिळून शंभर नावे झाली की त्या माणसांना बरोबर घेऊन तहसीलदारांना भेटायचे आणि म्हणायचे, आज पूर नाही, गारपीट नाही, तुम्हाला वेळ आहे, आम्हालाही आहे. तुमच्या सिस्टममध्ये ही शंभर नावे आमच्यासमोर टाकून दाखवा. जे अडकेल त्याचे कारण लिहून द्या आणि दुरुस्ती कोण करणार त्याचे नाव द्या. तहसीलदार म्हणतील मला अधिकार नाही. मग तेवढेच लेखी घ्या, ते घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.

जूनच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने दोनच आकडे आणायचे, शंभरातली किती अडकली आणि महिन्याभरात किती सुटली. भाषणे नकोत. जेवण तयार झाल्याचे मघापासून खुणावत आहेत, भात इथल्या शेतातला आहे. भाकरीची सवय असलेल्यांनी आजचा दिवस चालवून घ्या.